कार्डवाल्या बाईंचे तीस दिवस

ग्रंथालयात त्यांना सगळे कार्डवाल्या बाई म्हणत. एकतीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिण्यात गेलेली. घरी मिठाच्या बरणीवरही चिठ्ठी. नवरा म्हणायचा, "माझ्या कपाळावर पण एक डकव, म्हणजे हरवलो तर सापडेन."

तर या ग्रंथालयाला इतिहास आणि धर्माच्या जुन्या कागदपत्रांचा ऑनलाइन संग्रह तीस दिवस वापरून बघायला मिळाला. लॉगिन एकच. वाचकांनी भरपूर वापरला तर कायमचा घ्यायचा, नाहीतर विषय संपला. दुसऱ्या कुणी पहिल्याच दिवशी वाचकांना खुर्ची दिली असती. बाईंचं म्हणणं, "लोक आत शिरतील आणि गोंधळतील. आधी आतल्या एकेका कागदपत्राची कार्डं होऊ देत." झालं! बाई संगणकासमोर ठाण मांडून बसल्या.

ब्याऐंशी वर्षांचे एक मास्तर रोज यायचे. त्यांची आई एका मठाच्या अनाथालयात वाढलेली. आपले आईबाप कोण, हे बिचारीला मरेपर्यंत कळलं नाही. त्या मठाच्या वह्या या संग्रहात असतील, एवढीच मास्तरांची आशा.

"उघडलं का, बाई?"

"थोडं थांबा, मास्तर. नीट लावून देते."

मास्तर पडले भिडस्त. मान डोलवून वर्तमानपत्र उघडायचे.

तिसाव्या दिवशी नऊशे बारावं कार्ड खणात गेलं. बाईंना कोण आनंद! महिनाभर सकाळ-संध्याकाळ वापर झालाय, आता नाही कोण म्हणेल? उद्या मास्तरांनाच पहिलं बसवायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

सकाळी लॉगिन बंद. ग्रंथपालांनी आकड्यांचा कागद पुढे केला. "महिन्याभरात वाचक किती? एक. आणि त्या तुम्हीच. कशाला घ्यायचा सांगा?"

तेवढ्यात मास्तर आले. बाईंनी खणातून कार्ड काढून दिलं: मठाचे अनाथालय, दाखल मुलांची नोंदवही, आईवडिलांच्या नावांसह, पाने दोनशे चौदा.

"म्हणजे आहे?" मास्तरांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं.

"आहे. माझ्यासमोर उघडी होती. पानं मोजली आणि मिटली."

"आईचं नाव दिसलं?"

"आत वाचलंच नाही हो मी," बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मास्तरांनी कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"हे घरी नेऊ?"

एकतीस वर्षांत खणातलं कार्ड बाईंनी कधी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. "न्या," त्या म्हणाल्या.