टाकी गरम, नळ कोमट

नळाखाली धरलेला हात मी झटकन मागे घेतला. चांगलाच चटका बसला होता. आणि ‘गरम पाणी येत नाही’ म्हणून मला तिसऱ्यांदा बोलावणारा मिलिंद शेजारीच उभा होता.

“आत्ता येतंय हो,” तो वैतागून म्हणाला. “तुम्ही आलात की बरोबर येतं. सकाळी येऊन बघा एकदा. मी, प्रज्ञा, वरचे भाडेकरू, सगळे कोमट पाण्याने अंघोळ करतोय. मशीन काय गच्चीची शोभा वाढवायला घेतलंय?”

मी हीट पंपांची सर्व्हिस करते. हीट पंप म्हणजे उलटा बसवलेला एसी समजा. एसी खोलीतली उष्णता काढून बाहेर फेकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो, ती पाण्याला देतो आणि थंड हवा बाहेर सोडतो. गिझरपेक्षा वीज बरीच कमी लागते, म्हणून हल्ली चिखलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर ही धुडं दिसायला लागली आहेत. मशीन तसं गुणी आहे. पण बिघडलं की का बिघडलं ते गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कधीकधी आम्हालाही कळत नाही.

मिलिंदचं घर तीन मजली. तळमजल्यावर त्याचे वडील, पहिल्या मजल्यावर मिलिंद आणि त्याची बायको प्रज्ञा, दुसऱ्यावर भाडेकरू. गच्चीवर हीट पंप आणि गरम पाण्याची टाकी. टाकीतून निघालेला एकच पाइप तिन्ही बाथरूमना पाणी देत खाली उतरतो. यात गोंधळायला जागा ती कुठे?

पहिल्या खेपेला मशीनची जाळी धुळीने गच्च भरलेली सापडली. आजूबाजूला वर्कशॉप आहेत, दिवसभर ग्राइंडिंग चालतं. जाळी धुतली, आता होईल म्हटलं आणि निघाले. झालं नाही. दुसऱ्या खेपेला टाकीचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला, मशीनमधल्या गॅसचं प्रेशर तपासलं. तरी तेच. तिसऱ्या खेपेला बदलायला काही उरलंच नव्हतं. मी गच्चीतूनच ऑफिसात सरांना फोन लावला, आणि हात काळे होते म्हणून स्पीकरवर ठेवला. तिथेच चुकलं.

“डिस्प्लेवर किती दाखवतंय?” सरांनी विचारलं.

“पंचावन्न डिग्री.”

“गॅस?”

“ओके.”

“मग अडचण काय आहे? कॉल क्लोज करा.”

“सर, सकाळी कोमट येतं म्हणतात.”

“घरात माणसं वाढलीत का?”

मी बोलायच्या आधी मिलिंदच पुढे झाला. “वाढलीत ना! दिवाळीनंतर भाडेकरू आले. तेव्हापासूनच हे सुरू झालं.”

“झालं तर मग. मशीन ओके आहे, लोड वाढलाय.” सरांनी फोन ठेवला.

मला ते पटलं नव्हतं. पण त्याहून बरं काही सुचतही नव्हतं. मिलिंद मात्र जिन्याच्या दाराकडे बघून म्हणाला, “म्हणजे वरचे संपवतात तर.”

खाली उतरले तेव्हा मिलिंदचे वडील दारातल्या पायरीवर उन्हात बसले होते. मांडीवर भाडेकरूंची तान्ही मुलगी. सारं आयुष्य कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये काढलेला माणूस, आवाज अजून मशीनवरून हाक मारल्यासारखा.

“जय भीम, ताई. झालं का काम?”

“जय भीम, बाबा. काम झालं की नाही तेच कळत नाहीये.”

“मला तर कडक पाणी येतं बघा. तुमच्या मशीनला नाव ठेवायला जागा नाही.”

“बाबा सगळ्यांच्या आधी अंघोळ करतात, अंधार असतानाच,” मिलिंद मागून म्हणाला. “तेव्हा टाकी भरलेली असते. नंतर वरचे सुरू होतात.”

“त्यांना उगाच बोलू नकोस,” बाबा म्हणाले. पोरीने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. चला, एक तरी गिऱ्हाईक खूश आहे, असं मनाशी म्हणत मी स्कूटर काढली.

चार-पाच दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मशीनवर चिकटवलेल्या स्टिकरवरून माझा नंबर घेतला होता.

“मी वैशाली. दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. मॅडम, आमी पाणी संपवतो असं तुमी सांगितलं का?”

मी काही बोलायच्या आत ती पुढे बोलत गेली. मिलिंदने त्यांना महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितलं होतं. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट बदलती. पदरात चार महिन्यांची पोर. लातूरकडची माणसं, इथे ओळखीचं कुणी नाही, आणि तान्हं मूल बघून घरमालक तोंड फिरवतात.

“आमी माणशी एक बादली घेतो ओ. तीबी कोमट. पोरीचं पाणी तर मी गॅसवर तापवते. मग तुमच्या टाकीतलं पाणी पितं कोण?”

मला स्वतःचाच राग आला. माझ्या फोनच्या स्पीकरमधून निघालेल्या एका वाक्याने कुणाचं बिऱ्हाड उठत होतं. “मी बघते,” एवढंच म्हणाले. काय बघणार होते, देव जाणे.

मिलिंदला मेसेज केला: उद्या सकाळी नळाला कोमट पाणी येत असेल, तेव्हाच गच्चीत जाऊन डिस्प्लेचा फोटो पाठवा. त्याने कुरकुरत का होईना पाठवला. फोटोत चोपन्न होतं.

मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. वरच्यांनी गरम पाणी संपवलं असतं तर टाकीत गार पाणी भरून आकडा खाली यायला हवा होता. टाकी तर गरम पाण्याने भरलेली. खाली नळ कोमट. मधे फक्त एक पाइप. आणि दुपारी तोच पाइप, तोच नळ, आणि हाताला चटका! वैशाली सुटली, पण मी आणखी अडकले. भाजी फोडणीला टाकताना डोक्यात तोच पाइप, त्यात मिठाचा विसर पडला आणि नवऱ्याने निमूटपणे वरून मीठ घेतलं.

“सर, मी उद्या सकाळी लवकर चिखलीला जातेय.”

“तो कॉल क्लोज झालाय. ओव्हरटाइम मिळणार नाही.”

“मागितलाय का?”

कासारवाडीहून निघाले तेव्हा थंडीने बोटं आखडली होती. मिलिंद आणि प्रज्ञा माझ्यामागे गच्चीत आले. आकडा चोपन्न. टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावून बघितला, धरवेना. एक जिना उतरून वैशालीकडचा नळ बघितला. कोमट. एका जिन्यात एवढी ऊब जाते कुठे?

मग मी शेवटची तपासणी केली, जी खरं तर पहिल्यांदा करायला हवी होती. टाकीखालचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. आता तिन्ही मजल्यांवर गरम नळाला थेंबही यायला नको.

“वैशाली, गरम नळ सोड!” मी गच्चीतून ओरडले.

“सोडला!”

“पाणी थांबलं?”

“न्हाई की! जोरात येतंय. आता पार गार!”

मी व्हॉल्व्ह पुन्हा फिरवून बघितला. बंद. माझ्यावर विश्वास नसल्यामुळे मिलिंदनेही फिरवून बघितला. बंदच. वरून बंद केलेल्या पाइपातून खाली धो धो पाणी. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी पाहिलं नव्हतं. मी सरळ गच्चीच्या फरशीवर बसले.

“मॅडम, बरं वाटत नाहीये का?” प्रज्ञाने विचारलं.

“गार पाणी येतंय,” मी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाले. “वरून येत नाही, म्हणजे खालून चढतंय. गार पाणी गरम पाइपात शिरतंय कुठून?”

गरम आणि थंड पाइप अख्ख्या घरात एकाच ठिकाणी भेटतात: मिक्सरमध्ये, म्हणजे दोन चाव्यांच्या नळात. मी जिना उतरायला लागले. वैशालीकडच्या मिक्सरची थंडची चावी नीट बंद. मिलिंदकडचा मिक्सर बंद. तळमजल्यावर बाबांची बाथरूम. बाबा अंघोळ करून कधीच बाहेर आले होते. मिक्सरला हँड शॉवर लावलेला, हुकावर शांत टांगलेला, एक थेंब गळत नव्हता. आणि खाली गरम-थंड दोन्ही चाव्या पूर्ण उघड्या.

हँड शॉवरच्या मुठीवर बटण होतं. बटण सोडलं की पाणी थांबतं, म्हणून बघणाऱ्याला नळ बंद वाटतो. प्रत्यक्षात फक्त तोंड बंद असतं. आत दोन्ही पाइप एकमेकांना जोडलेले राहतात. थंड पाणी थेट येतं, त्याचा जोर जास्त. गरम पाणी टाकीतून वळसे घेत येतं, त्याचा कमी. वर कुणी गरम नळ सोडला की इथलं थंड पाणी गरम पाइपात घुसून वर चढायचं आणि टाकीतून उतरणाऱ्या गरम पाण्यात मिसळायचं.

मी दोन्ही चाव्या बंद केल्या.

“थांबलं!” वरून वैशालीचा आवाज आला. “मॅडम, पाणी थांबलं!”

मला नाचावंसं वाटलं.

“पण हे उघडं ठेवतं कोण?” मिलिंदने विचारलं.

“मी बाथरूम धुवायला येते तेव्हा रोजच उघडं असतं,” प्रज्ञा म्हणाली. “मी बंद करते. त्यात काय सांगायचं, म्हणून बोलले नाही.” म्हणजे दुपारच्या चटक्याचाही उलगडा झाला.

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांचा चेहरा बघून मी घाईघाईने म्हणाले, “बटणाचा शॉवर आहे, कुणाकडूनही होतं.”

“बाबा, विसरता का तुम्ही?” मिलिंदने विचारलं.

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. तोवर वैशाली पोरीला घेऊन जिन्यात आली होती. बाबांनी तिच्याकडे एकदा बघितलं.

“विसरत न्हाई. माझी मूठ वळत न्हाई.” त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. “सकाळी टॉवेल गुंडाळून दोन्ही हातांनी कसंतरी उघडतो. अंघोळ झाली की हात ओले, जोर राहत न्हाई. आधी पाणी वाहत ठेवता यायचं न्हाई, मग रडतखडत बंद करायचो. दिवाळीत तू हा बटणाचा शॉवर आणलास आन् सुटलो बघ.”

शॉवर दिवाळीत, भाडेकरूही त्याच सुमारास. मिलिंदने त्यातलं एकच धरलं होतं.

“कधीपासून होतंय हे? बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर ही पोर माझ्या हातात कुणी दिली असती?”

मी पान्हा काढून उगाच एक घट्ट असलेला नट आणखी घट्ट करत बसले. पोर हातची जाऊ नये म्हणून म्हातारा इतके दिवस गप्प राहिला, आणि त्याच गप्प राहण्यापायी ती घरातूनच निघाली होती.

“वैशाली, ते खोलीचं...” मिलिंद खाली बघत म्हणाला. “राहू दे. माझं चुकलं.”

वैशाली बाबांकडे वळून म्हणाली, “खाली बसा आधी.” बाबा पायरीवर बसले. तिने पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांचा डावा हात तिच्या पाठीमागे नीट लावला आणि स्वतः शेजारी टेकली. “मांडीला काय मूठ लागते व्हय?”

त्याच दिवशी मी बाबांच्या मिक्सरच्या दोन्ही पाइपांना एकाच दिशेने पाणी जाऊ देणारे व्हॉल्व्ह बसवले. प्लंबरला बोलावून चाव्यांच्या जागी लांब दांड्याचे नळ लावायला सांगितले, कोपराने ढकलले तरी बंद होणारे. मग सरांना फोन केला.

“मशीनमध्ये फॉल्ट होता?”

“नाही.”

“मी काय म्हणत होतो?”

“लोडही वाढलेला नव्हता, सर.”

तेव्हापासून फोन मी स्पीकरवर ठेवत नाही. आणि तक्रार ऐकून झाली की आणखी एक प्रश्न विचारते: घरात कुणाची तक्रार नाही? मग आधी त्या माणसाची बाथरूम बघते, गच्ची नंतर.