आबांनी लेकीकडं शेंगोळे नेले

कडूबा आबा वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर बावीस वर्षं आहेत. तिथं पत्र्याचा तुकडा हातात घेतात, एक डोळा बारीक करतात अन् एका शब्दात सांगतात, चालंल किंवा नाय चालायचं. त्यांनी नाय म्हटलेला तुकडा साहेबसुद्धा परत तपासत नाही. तेच आबा घरी आले की दोन शर्ट हातात घेऊन अर्धा तास आरशापुढं उभे राहतात, आणि शेवटी कंपनीचाच निळा शर्ट घालून बाहेर पडतात.

ते माझे मोठे चुलते. बजाजनगरला आमचं एकच घर, खाली आबा अन् मोठी आई, वर आम्ही. त्यांची लेक दिपालीताई त्यांना आबा म्हणते म्हणून मीही आबाच म्हणते. त्यांची नक्कल करणं सगळ्यात सोपं आहे. आधी गळा साफ करायचा, मग "हां तर" म्हणायचं, मग गप्प बसायचं. जितका वेळ गप्प बसाल तितकी नक्कल हुबेहूब.

आबांचा एक नेम होता. लेकीचं लग्न झालं की तिला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आमच्यातली जुनी माणसं हे पाळायची. माझे पप्पा तर उघड सांगतात, तनुजाच्या, म्हणजे माझ्या, घरी मी पहिल्याच दिवशी ताट पुढं ओढणार. पण आबांच्या वडलांनी मेंढरं हाकता हाकता पाळलं, म्हणून आबा मशीन चालवता चालवता पाळत होते. अन् मोठ्या आईला कुणी विचारलंच नव्हतं. आबा उपाशी म्हणून तीही उपाशी.

दिपालीताईच्या लग्नाला चार वर्षं झाली. ती बीड बायपासला एका सोसायटीत राहते, नवरा शिवराव अन् सासूबाईंसोबत. मंडळी सांगलीकडची. आबा महिन्या-दोन महिन्यांनी जायचे, घरनं पाण्याची बाटली भरून न्यायचे, सोफ्याच्या अगदी कडेवर बसायचे. गेल्या आखाडात ताईनं पोह्यांची बशी पुढं ठेवली. आबा म्हणाले, आत्ताच खाऊन आलो. त्याच वेळी त्यांच्या पोटात असा काही आवाज झाला की टीव्ही बघणाऱ्या सासूबाईंनी मान वळवली. ताई आत गेली ती दहा मिनिटं बाहेर आलीच नाही.

रात्री तिचा फोन आला. आबांना फोन कानाला लावता येत नाही, कायम स्पीकरवर, त्यामुळं आमच्या जिन्यापर्यंत सगळं ऐकू येतं. ताई रडत नव्हती. शांतपणे बोलत होती, ते जास्त वाईट.

"आबा, तुमी खात नाय तेव्हा काय होतं, सांगू? सासूबाई बघतात, शेजारीण आली तर ती बघते, अन् सगळ्यांना परत एकदा आठवतं की दिपालीला अजून काही नाय. मी डॉक्टरकडं जाऊ राहिले, गोळ्या खाऊ राहिले, अन् माझाच बाप येऊन सोफ्यावर पाटी लावून बसतो. पुढच्या वेळेस उपाशीच बसायचं असंल तर येऊ नका."

आबांनी गळा साफ केला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतर दोन महिने ते गेले नाहीत. बाटली ओट्यावर उलटी घालून ठेवलेली. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला शिवरावांचा फोन आला. सतरा तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, सोसायटीत झेंडावंदन अन् मग सगळ्यांचं एकत्र जेवण. प्रत्येक घरानं आपल्या भागाचा खास पदार्थ आणायचा, शाकाहारीच. सांगलीचं त्यांच्या आईनं एका मिनिटात ठरवलं होतं. "आनि आबा, इथलं तुमी आना की वो. दिपालीचं म्हायेर म्हंजे इथलंच न्हवं का."

आबांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. आपणच नेलेलं आपण खाल्लं तर ते लेकीच्या घरचं कसं होईल? तरी खात्री हवी म्हणून गावाकडं बहिणीला, कडूबाई आत्याला, फोन लावला. आत्या फोनवर बोलते म्हणजे नाल्यापलीकडच्या माणसाशी बोलते. तिनं सगळं ऐकून निकाल दिला. "आपलं पीठ, आपलं मीठ, आपलं पाणी. यवढं आपलं असलं की कुठंबी बसून खाय. कोन नाय म्हनतंय."

म्हणजे नेम न मोडता लेकीच्या शेजारी बसून जेवायचं असेल, तर आता फक्त पदार्थ ठरवायचा होता.

हा फक्त पदार्थ ठरवायला आबांना तेरा दिवस लागले.

कंपनीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं ही पहिली चूक. रामेश्वर फर्दापूरचा, त्याला शंकाच नव्हती. भरीत न्या भो, काड्यांवर भाजलेलं, वरून कांद्याची पात. मागून कुणीतरी म्हणालं, ते जळगावचं झालं. रामेश्वर तापला, फर्दापूर जळगावात कधी गेलं, जिल्हा तर हाच ना? मग बस थांबेपर्यंत भरीत कोणाचं यावर चर्चा झाली अन् आबांचा प्रश्न सीटखाली गेला. दुसऱ्या दिवशी शफीकभाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "कायकू इतना सोच रा तू कडूबा? इधर का बोले तो नान-खलिया. बाकी सब तो घर का खाना है." आबांनी सांगितलं, शाकाहारी पाहिजे. शफीकभाईंनी जरा विचार केला. "तो फिर खाली नान लेके जा."

मग कुणी हुरडा म्हणालं. सप्टेंबरात हुरडा कुठून आणायचा, कणीसच धरलेलं नाही. कुणी धपाटे म्हणालं, कुणी येसराची आमटी. आबा प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणत आणि घरी येऊन कॅलेंडरच्या मागं लिहीत. शेवटी ती यादी किराणाची वाटायला लागली.

त्यात सोसायटीचा फॉर्म आला. पदार्थाचं नाव, जिल्हा, वैशिष्ट्य. आबांनी सोमवारी ताईला धपाटे कळवलं, बुधवारी भरीत, शुक्रवारी आमटी, शनिवारी परत धपाटे. ताईनं प्रत्येक वेळी फक्त "ठीक" एवढंच पाठवलं. त्या ठीकमध्ये राग आहे की नाही हे बघायला आबांनी फोन माझ्यापुढं धरला. मलाही कळेना. इंटरनेटवर शोधून देते म्हटलं, तर तिथं पहिलं नान-खलिया आलं आणि खाली कोल्हापूरच्या मिसळीची जाहिरात.

"आपलं म्हंजे नेमकं कुठलं गं, तनुजा?" आबा म्हणाले. "गाव वैजापूर तालुक्यात, तिथली निम्मी माणसं नाशिककडं तोंड करून बोलत्यात. बाप मेंढरांमागं चार जिल्हे हिंडायचा. ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्यानं दिलेलं दाणं, त्याचीच भाकर. आता याचं वैशिष्ट्य काय लिहू?"

मी त्यांची नक्कल करायची म्हणून गप्प बसले असं त्यांना वाटलं असावं, कारण ते उठून गेले.

मोठ्या आईला त्यांनी शेवटी विचारलं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी. ती लसूण सोलत होती. वरसुद्धा न बघता म्हणाली, शेंगोळे. हुलग्याचे. दिपीला आवडतात. आबांनी कॅलेंडर पाहिलं, एवढ्या नावांत शेंगोळे नव्हतेच. धपाटे न्यायला सोपे, कोरडे, असं ते म्हणाले. मोठी आई म्हणाली, धपाटे काय, कुणीबी आणंल. आबांनी एक डोळा बारीक केला. "चालंल."

सतराच्या पहाटे दोघं कामाला लागले. हुलग्याच्या पिठात ज्वारीचं थोडं पीठ, लसूण, जिरं, मिरची. मोठी आई हाताच्या तळव्यांत पीठ वळून दोरी करायची, टोकं जोडायची अन् उकळत्या रश्शात सोडायची. आबा राखणीला उभे. पीठ आपलं, बरोबर. मीठ आपल्या डब्यातलं, बरोबर. पाणी आपल्या टाकीतलं. तीन गोष्टी त्यांनी तीनदा मोजल्या. मीठ जरा कमी वाटतंय असं मी म्हटलं, तर मोठ्या आईनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी चमचा धुवून ठेवला.

पातेलं आबांच्या मांडीवर, आम्ही सगळे रिक्षात. झेंडावंदनामुळं शहरातले रस्ते वळवलेले, नगर नाक्याला गाड्यांची रांग. ऊन तापलं. आबांची बाटली तिथंच संपली. तासाचा रस्ता, पोचायला अडीच तास लागले.

सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येकापुढं चिठ्ठी. आमच्या चिठ्ठीवर धपाटे खोडून शेंगोळे लिहिलेलं. ताईनं पातेल्याचं झाकण काढलं आणि सगळे वाकून बघायला लागले. रस्सा नव्हताच. शेंगोळ्यांनी वाटेत सगळा पिऊन टाकला होता. पळी रोवली तर ती झेंड्याच्या काठीसारखी सरळ उभी राहिली.

ताईनं पातेलं उचललं अन् लिफ्टकडं निघाली. आबा मागं धावले, पण लिफ्टचं दार लागलं. पंधरा मिनिटांनी ती पातेलं घेऊन खाली आली, वाफा निघत होत्या, रस्सा लालभडक.

"तीन तांबे गरम पाणी लागलं," ती म्हणाली. "मीठपण टाकलं. वरून फोडणी दिली लसणाची."

आबा बोटं मोजायला लागले. पीठ आपलं. पाणी निम्मं आपलं, निम्मं तिचं. मीठ दोघांचं. फोडणी पूर्ण तिची. त्यांनी पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. मग कोपऱ्यात जाऊन कडूबाई आत्याला फोन लावला. स्पीकरवर अर्थातच. हॉलमध्ये देशभक्तीची गाणी जोरात, तिकडं आत्या ओरडतेय, कोन, कोन बोलतंय. आबा ओरडताहेत, निम्मं पाणी, निम्मं. दोन मिनिटांनी आत्यानं राँग नंबर म्हणून फोन ठेवला.

तेवढ्यात टेबलापाशी एक काका ताट घेऊन आले अन् याचं वैशिष्ट्य काय, असं आबांनाच विचारलं. आबांनी बराच विचार केला. "पाणी पितं," ते म्हणाले. "जितकं घालाल तितकं पितं." काकांनी गंभीरपणे मान हलवली आणि दोन पळ्या घेतल्या.

ताईनं ताट वाढलं. शेंगोळे, कांदा, वरून कच्च्या तेलाची धार. ते आबांपुढं धरून ती उभी राहिली. शेजारी सासूबाई बसलेल्या. आबांनी ताट हातात घेतलं, पण हात ताटाकडं जाईना. ते मोठ्या आईकडं वळले. आता काय करायचं, हे बसतंय का नेमात?

मोठी आई जेवत होती. दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

"मला ठाऊक होतं रस्सा आटनार," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं करते शेंगोळे. पानी लागनारच होतं. धपाटे नेले असते तर तुमी तुमचे धपाटे खाऊन, ढेकर देऊन घरी आले असते. मला माझ्या लेकीच्या हातचं जेवायचं होतं."

असं कंपनीत कधी घडत नाही, तिथं तुकडा आपणहून बोलत नाही. ते खुर्चीवर बसले. पूर्ण खुर्चीवर. एक शेंगोळा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला. चावला. परत मोडला.

ताई तिथून हलली नाही. आबांचं निम्मं ताट झालं तेव्हा सासूबाई पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला वाटायचं, ह्यास्नी आमच्या घरचं तिखाट सोसत न्हाई. दर बारीला मी दिपालीला सांगायची, पोह्यांत मिरची घालू नगंस, इवाय खात न्हाईत."

आबांचा घास हातात राहिला. ताई सासूबाईंकडं बघत राहिली. चार वर्षं तिला जे वाटत होतं ते त्यांच्या मनातच नव्हतं. त्यांच्या मनात फक्त मिरची होती. शिवराव म्हणाले, मला वाटायचं आबांना ॲसिडिटी आहे. ताईच्या चेहऱ्यावर हसू होतं की रडू, मला सांगता येणार नाही, आणि मी चेहरे चांगले वाचते.

"मग तिखाट चालतंय न्हवं?" सासूबाईंनी विचारलं.

आबा म्हणाले, व्हय, चालतंय की. लई चालतंय. हे त्यांनी कशाचा विचार न करता म्हटलं. सासूबाई लगेच उठल्या, वर जाऊन वाटीभर खर्डा घेऊन आल्या, अन् दोन चमचे ताटात घातले. आता हा खर्डा सगळाच लेकीच्या घरचा होता, यात निम्मं-निम्मं काही नव्हतं. मला वाटतं आबांना ते कळलं असावं, कारण बोटं एकदा हलली. मग त्यांनी मोजणं सोडलं अन् खर्डा शेंगोळ्याला लावून खाल्ला.

पहिल्या घासाला कान लाल झाले. दुसऱ्याला डोळ्यांतून धार लागली. सासूबाई कौतुकानं बघत होत्या. तिसरा घास कसाबसा गिळून आबांनी इकडं तिकडं पाहिलं अन् हात पुढं केला.

"दिपे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पानी आन."