खाटेभोवतीचा वर्ग

ऐंशीच्या दशकात मी बोईसरजवळच्या एका छोट्या रुग्णालयात नर्सिंग शिकत होते. तिथले मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना आणि आम्हा मुलींना एकाच खाटेभोवती शिकवत. आम्ही दोन बाजूंना उभे राहिलो की चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "हे काय, वरपक्ष आणि वधूपक्ष? मिसळा, बरं का!" रागावतानासुद्धा त्यांचं "बरं का" सुटत नसे. ते खाटेभोवती उभं राहणं अजून आठवतं.

एकदा जवळच्या दांडी गावची एक बाळंतीण घरी निघाली होती. तिला घरी सोडण्याच्या कागदावर सही करून डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?"

मी घाबरतच म्हणाले, "सर, बाळ दूध नीट ओढत नाही."

"काय गं, मला का नाही सांगितलंस?" त्यांनी बाळंतिणीला विचारलं.

"तुमी घाईत व्हता, मंग काय सांगू?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःची सही खोडली. मग माझ्याकडे बोट दाखवून शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "बाळाला पाजायला कसं धरायचं, ते आज हिच्याकडून शिका, बरं का."

दोन दिवसांत बाळ पोटभर पिऊ लागलं. डॉक्टरांनी नवा कागद घेतला, पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय सिस्टर, सोडूया?"

तोवर मला कोणी सिस्टर म्हटलं नव्हतं. मी बाळाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "सोडूया."