चौदा मिनिटांचा कप्तान

माझ्या डायरीत कप्तानाचा पहिला उल्लेख असा आहे : 'मंगळवार. गाडीची वेळ साडेनऊ. आली नऊ त्रेचाळीसला. ड्रायव्हर हसतमुख. कारण नसताना.'

आमच्या भागातल्या मंडळाने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी दहा आसनांची गाडी सुरू केली होती. दर मंगळवारी घरून न्यायचं, बाजार, दवाखाना, वाचनालय करून परत आणून सोडायचं. कप्तान हा तिचा ड्रायव्हर. तीस वर्षं ट्रक चालवून थकलेला, बायको गेलेली, गुडघे माझ्याहून वाईट. कायम टोपी घालतो म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणतात. त्याच्याशी दोन शब्द बोलायच्या आधीच माझं त्याच्याबद्दल मत तयार होतं. माझी मतं नेहमी वेळेवर पोचतात.

वक्तशीरपणा कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी अंगी बाणवला. सिस्टर केव्हाच गेल्या, धाक तेवढा मागे राहिला. माझ्या डायऱ्यांची चळत बघून आमचे हे म्हणायचे, "चित्रगुप्त रजेवर गेला तर बदलीवर तुलाच बोलावतील." मला ती स्तुती वाटायची.

तर अकरा मंगळवार मी गाडीला झालेला उशीर मिनिटांत लिहिला, लाल रेघा मारून तक्ता केला, खाली सरासरी काढली : चौदा मिनिटं. मंडळाने सूचना मागवल्या होत्या, तेव्हा तो तक्ता नेऊन दिला. सेक्रेटरी म्हणाले, "काय अक्षर आहे हो तुमचं!" मी हरभऱ्याच्या झाडावर चढूनच घरी आले.

पुढच्या मंगळवारी साडेनऊला खाली हॉर्न वाजला. मी एका पायात चप्पल घालून उभी. धावतपळत उतरले. गाडीत खिडकीजवळची, माझ्या आधी चढणाऱ्या म्हाताऱ्या टेलरमास्तरांची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्या मंगळवारीही रिकामीच.

"मास्तर आजारी आहेत का?" मी विचारलं.

"नाही ताई." कप्तान आरशातून बघत म्हणाला. "ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. मी वर जायचो. त्यांचा चष्मा शोधायचा, गॅस बंद केलाय का बघायचं, मग हात धरून एकेक पायरी खाली. आता नियम निघालाय. हॉर्न द्यायचा, दोन मिनिटं थांबायचं, निघायचं. मास्तर दोन मिनिटांत दारापर्यंतसुद्धा येत नाहीत."

"मग तुम्ही जा की वर!"

"नोटीस आहे ना. आणखी एकदा उशीर झाला की दुसरा ड्रायव्हर ठेवणार. कुणीतरी पार तक्ता करून दिलाय म्हणे." तो हसला. "घरी बसून मी तरी काय करू? माझाही मंगळवार एवढाच आहे."

मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. पर्समध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी परतताना मी मंडळाच्या दाराशीच उतरले.

"तक्रार मागे घ्यायची आहे," मी सेक्रेटरींना म्हणाले.

"पण मॅडम, आकडे तर तुमचेच. चुकलेत का?"

"माझे आकडे चुकत नाहीत." इथेही माझा ताठा गेला नाही. "मी फक्त अर्धीच डायरी दाखवली होती."

मी मागच्या वर्षीची डायरी सोबत नेहमी ठेवते, ताळा बघायला. गाडी सुरू होण्यापूर्वीचा एक मंगळवार वाचून दाखवला : 'आज बोललेली माणसं : एक. राँग नंबर. बाई चांगली होती. चार मिनिटं.' आणखी एक : 'आज कोणी नाही. रेडिओला उलट उत्तर दिलं.' ते वाचताना माझं मलाच हसू आलं, आणि सेक्रेटरींना हसावं की नाही ते कळेना.

"मास्तरांच्या डायरीतही आता असलंच काही असणार," मी म्हणाले. "ते लिहीत नसले तरी."

"मग नियमाचं काय करू? गाडी उशिरा आली की बाकीचे ओरडतात."

"माझी सरासरी चौदाची आहे. कप्तानाला वर जाऊ द्या आणि गाडीची वेळच चौदा मिनिटं पुढे करा."

"नऊ चव्वेचाळीस? अशी कुठे वेळ असते का?"

"वेळ अशीच असते. साडेनऊ हा आळस झाला."

पुढच्या मंगळवारी नऊ चव्वेचाळीसला गाडी आली. खिडकीत टेलरमास्तर, नाकावर चष्मा, मांडीवर पिशवी. मी शेजारी बसले.

"कप्तान, तो घड्याळवाला तक्रारखोर सापडला का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही बुवा," कप्तान समोर बघत म्हणाला. "सोडा हो, झालं ते झालं."

म्हणजे त्याला माहीत होतं. कधीपासून, देव जाणे.

"मीच ती," मी म्हणाले.

मास्तरांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे सावकाश नीट पाहिलं.

"तुमच्या ब्लाउजची डावी बाही अर्धा इंच लांब आहे. अकरा मंगळवार बघतोय. बोललो का कुणाला?"

कप्तान इतका हसला की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. त्यात तीन मिनिटं गेली. मी लिहिली नाहीत.

घरी येऊन बाही मोजली. बरोबर अर्धा इंच.