मास्टरीणबाईंची कात्री

आमच्या गल्लीतल्या शिवणाच्या दुकानात कापड बेतायचं आणि कापायचं काम बायकोचं. काज-बटणं आणि इस्त्री नवऱ्याकडे. शिंप्यांत कापणारा तो मास्टर, म्हणून सगळे तिला मास्टरीणबाई म्हणत. तिच्या लोखंडी कात्रीला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. एकदा नवऱ्याने त्या कात्रीने वर्तमानपत्र कापलं, तर म्हणाली, "आता त्याच पेपरचा कोट घाला!"

तिचा धाकटा भाऊ कामावरून येताना ट्रकखाली गेला. त्याचा कोट तिच्या टेबलावर होता, अस्तर लावायचं राहिलेलं. ती रडली नाही. तिची झोप मात्र उडाली, आणि काही दिवसांतच ती गिऱ्हाइकांचे तयार कोट उसवू लागली.

"अहो, तो आत आहे. अस्तरात अडकलाय. हाका मारतोय."

"अगं, काही नाहीये तिथे! हे बघ!" नवरा अस्तर उलटं करून दाखवी. ती पुढचा कोट ओढी.

"दुःख आम्हालाही झालं," नणंद म्हणाली, "पण अशी थेरं नाही केली कुणी."

मग एका दुपारी ती कात्री घेऊन नवऱ्याच्या अंगातल्या सदऱ्याकडे वळली. तिला फक्त शिवण उसवायची होती. त्याच्या बरगडीवर लांब ओरखडा उठला. त्याने तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून घेतलं, गोळ्या सुरू केल्या, आधी झोप आणली. नवऱ्याला त्यांनी समजावलं, "मोठ्या धक्क्यानंतर कधी कधी थोड्या दिवसांपुरतं भान सुटतं. नसलेलं ऐकू येतं, आणि ते खरंच वाटतं. याला नाटक म्हणू नका. बहुतेक माणसं महिन्याच्या आत सावरतात. तिच्याशी वाद घालू नका, हो ला होही करू नका. मला ऐकू येत नाही, पण तू घाबरलीयस हे कळतंय, एवढंच म्हणा. गोळ्या आम्हाला विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत. आणि पुन्हा झोप उडाली तर लगेच घेऊन या."

हाका थांबल्या. भाऊ गेला हे तिला तेव्हा कळलं, आणि वॉर्डमधल्या खाटेवर ती पहिल्यांदा रडली.

ती घरी आली तेव्हा कात्री जागेवर नव्हती. नवऱ्याने तिचा पेच काढून दोन पाती वेगवेगळ्या ठिकाणी लपवली होती. तो कापड दुसऱ्या दुकानातून कापून आणू लागला. मास्टरीणबाईंनी बाही जोडायच्या मुंढ्याचा आकार पाहिला, परका हात ओळखला, आणि त्या शिलाई मारत राहिल्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता ती बरी आहे. काम करते ना?"

"शिवते," नवरा म्हणाला. "कात्री दिली नाही अजून."

"मागते?"

"नाही."

"मग तिने मागायची वाट बघू नका."

घरी येऊन त्याने पाती जोडून कात्री टेबलावर ठेवली. मी तेव्हा पडद्यांचं कापड घेऊन गेलो होतो. मास्टरीणबाईंनी खडूने रेघ मारली, कात्री चालवली. कापड चावल्यासारखं फाटलं.

"धार गेली वाटतं," तो म्हणाला.

"धार आहे. पेच उलटा बसवलाय. पातं पात्याला लागत नाही." तिने पेच काढून नीट बसवला. "पाती सुटी करून ठेवण्याइतकी भीती वाटली होती माझी?"

त्याने हातातली इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाला, "हो."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "बसा इथेच. बाहेर जाऊ नका."

तो स्टुलावर बसला. तिने कापड पुन्हा सरळ केलं आणि कापायला घेतलं. कात्री आता नीट चालत होती. प्रत्येक आवाजाला त्याचा हात सदऱ्यावरून बरगडीकडे जात होता, आणि ते तिला दिसत होतं.