माहेरच्या पाळणाघराची फी

एरंडोल मागे पडलं, सागाचं रान सुरू झालं, तेव्हा दीपमालाने पुन्हा विचारलं, "अक्का, तुमच्या फोनला तरी रेंज आहे का हो?"

नव्हती. तिने जिजाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चालू लागली. अंगारकीचा दिवस. पद्मालयाच्या गणपतीची वाट माणसांनी भरलेली, आणि या बाईचं सगळं लक्ष फोनात. मी मनात म्हटलं, देवा, रागावू नकोस, तिची वेळच तशी आहे.

दीपमाला जळगावला आमच्या गल्लीत, माझ्या समोरच्या खोलीत राहते. नवरा हितेंद्र ट्रकवर असतो, महिन्यातले बरेच दिवस गुजरातकडे. ही एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांच्या कारखान्यात जाते. आई लग्नाआधीच गेली. तोंडाने फटकळ आहे. गल्लीत टँकरवर भांडण झालं की सगळ्या जणी हिलाच पुढे करतात. पण जिजा झाल्यापासून खाडे वाढले, आणि साहेबांनी बोलावून सांगितलं, "नोंदणी असलेल्या पाळणाघरात मुलीची सोय झाल्याचा कागद आणा. आणलात तर कायम करतो, अर्धी फीही कंपनी देईल. महिनाअखेरपर्यंत नाही आणलात तर जागा दुसरीला." आधी एका कामगार बाईचं मूल कुठेतरी असंच ठेवलेलं असताना भाजलं होतं, तेव्हापासून तिथे हा नियम.

महिना संपत आला होता.

चढावर एक म्हातारबाबा आमच्या बरोबरीला आले. कडेवरच्या जिजाकडे बघून म्हणाले, "एवढ्या उन्हात पोरीला घेऊन निघालीस बाई! गणपतीकडे आताच जावई मागतेस का काय?"

"जावई नको आबा, सांभाळणारी बाई मागते," दीपमाला म्हणाली. "कागदासकट."

आजूबाजूच्या बाया हसल्या. ती हसली नाही.

खरं तर सांभाळणारी बाई होती. आमच्याच गल्लीतल्या पुष्पाबाई. पाच मुलं आधीच होती त्यांच्याकडे, जिजा सहावी. हात स्वच्छ, जीव मायेचा. नोंदणीचा अर्जही त्यांनी केलेला. पुष्पाबाई आणि दीपमाला एकाच गावच्या, पारोळ्याकडच्या. बाकीच्या पाच मुलांच्या आया महिन्याला फी देत. दीपमालाने पहिल्या महिन्यात पैसे पुढे केले तेव्हा पुष्पाबाईंनी तिचा हातच मागे लोटला. "आंडेरना पैसा लेतस का कोनी?" आंडेर म्हणजे लेक. गावची लेक ती आपली लेक. तिच्याकडून घ्यायचं नसतं, तिला द्यायचं असतं. आखाजीच्या सणाला सगळ्या लेकी माहेरी जातात, तेव्हा पुष्पाबाईंनी हिला घरी बोलावून बांगड्या भरल्या, झोका बांधला. मग हीही गावाकडून ज्वारी आली की पायलीभर तिथे नेऊन ठेवायची. व्यवहार कसला तो. माहेरच ते.

गेल्या आठवड्यात तपासणीच्या बाई आल्या. खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, गॅस मुलांच्या हाताला लागत नाही ना ते पाहिलं. सगळं पसंत पडलं. मग हजर असलेल्या आयांना विचारू लागल्या, फी किती देता. दीपमालाची पाळी आली. पुष्पाबाईंचं चांगलं नाव व्हावं म्हणून ही मोठ्या तोंडाने म्हणाली, "मी कुठे देते बाई? काकू घेतच नाहीत. माझ्या माहेरच्या आहेत त्या."

तपासणीच्या बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे ही मुलगी पाहुणी. मग पटावर नाव कसं? एक असं असेल तर बाकीची खरी कशावरून धरू?" शेरा मारून त्या उठल्या. "गुरुवारी परत येते. सगळ्यांच्या पावत्या दाखवा, नाहीतर अर्ज परत जाईल."

त्या दिवसापासून पुष्पाबाई हिच्याशी नीट बोलल्या नव्हत्या. जिजाला घेत, पण दारातूनच.

म्हणून दुसरीकडे धावाधाव. रिंग रोडला हिनाबेन यांचं पाळणाघर आहे, नोंदणीचं. एकच जागा उरलेली. फी दीपमालाच्या पगाराच्या जवळजवळ निम्मी, आणि तीन महिन्यांची आगाऊ. कंपनीची अर्धी फी हाती यायला आधी कायम व्हायचं, आणि कायम व्हायला आधी पूर्ण भरायची. हिने सवलत मागितली होती. उत्तर आज यायचं होतं.

चढ संपला आणि तिच्या हातातला फोन वाजला. तिने जिजाला माझ्याकडे दिलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"दीपमालाताई, मी आमच्या हिशेब बघणाऱ्या जिनेशशी बोलले," हिनाबेनचा आवाज गोड होता. "एकीला कमी केलं की बाकीचे दारात उभे राहतील हो. तुम्हाला जमत असेल तर संध्याकाळपर्यंत भरा. दुसरे पालक थांबलेत."

"बरं ताई," दीपमाला म्हणाली. फोन ठेवून ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. जिजाने तिच्याकडे झेप घेतली, तरी तिने हात पुढे केले नाहीत. असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मी बाटली पुढे केली. "पुष्पाबाईंच्या हातात बळंच पैसे ठेव. गुरुवार परवावर आला."

"ठेवले होते काल. फेकून दिले त्यांनी. म्हणाल्या, पाळणाघराची पाटी उतरवून ठेवीन, पण लेकीला पावती फाडणार नाही."

"हितेंद्रला पाठव पैसे घेऊन."

"जावयाकडून घेतील त्या? अक्का, तुम्ही पण!"

"मग मी देते माझ्या हाताने."

"त्यांच्या फीपुरते पैसे आहेत माझ्याकडे. पैशाचं नाही हो अडलेलं." ती दगडावरून उठली. मग जिजाला माझ्याकडून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड घालून बोलली, मला नीट ऐकू येईल न येईल असं.

"उद्या तुम्ही त्यांच्याकडे जा. मी येणार नाही. त्यांना सांगा, इथून पुढे आखाजीला मला बोलावू नका, बांगड्या भरू नका. दीपमाला तुमची आंडेर नाही. त्या पाच जणींसारखीच एक आहे, तिच्याकडून फी घ्या आणि पावती द्या. एवढं सांगाल ना, अक्का? माझ्या तोंडून नाही निघायचं ते."