पिंपाचं कुलूप
ओल्या लोखंडाचा वास आला की लातूरचं ते दुष्काळातलं अंगण डोळ्यांपुढे तरंगतं. पाणी चोरीला जाऊ नये म्हणून तिथं पिंपांना कुलपं असायची. त्या सकाळी नवरा कामावर गेल्यावर, सुजलेला गाल पदराआड धरून मी घरमालकिणीला म्हणाले, "खोली सोडते. पण करार संपला न्हाई अजून." त्या म्हणाल्या, "माझ्याशीच केला व्हता ना? मीच मोडला. तू नांदेडची एसटी धर, माय." संध्याकाळी तो आला तर बाहेरच राहावा म्हणून त्यांनी आपल्या पिंपाचं कुलूप काढून आमच्या खोलीला लावलं. निघताना वळून पाहिलं, तर उघड्या पिंपात आभाळ संथ हलत होतं. आज नांदेडला माझ्या दारातलं पिंप भरलेलं असतं. त्याला मी कुलूप लावत नाही.